यंत्राचा आहार

माणसाचा स्वभाव आणि त्याला रुचणारा आहार यांची सांगड भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायांत घातलेली आहे. यंत्रांविषयीं मात्र सर्वसाधारण समजूत अशी कीं, पुढ्यांत येईल तें तीं बिचारीं मुकाट्यानें गिळतात. ही समजूत किती अपुरी आहे हें माझ्या भाच्याची मोटार पाहणाराला तेव्हांच कळेल.

हा भाचा गेलीं कांहीं वर्षें अमेरिकेंत असतो. स्वतः काय खातो याकडे त्याचें लक्ष नसतें. पण मोटारीच्या पोटांत काय जातें यावर तो एखाद्या सुगरणीसारखा डोळा ठेवून असतो. वेगाच्या हौसेनें त्यानें तिचें टर्बो एंजिन खास जुळवून घेतलें आहे. तिकडे कित्येक पंपांवर साध्या पेट्रोलशेजारीं 'ई-८५' नांवाचें इंधन मिळतें. नांव पंचाऐंशीचें, पण ऋतुमानाप्रमाणें त्यांतलें इथेनॉल शेंकडा ५१ पासून ८३ पर्यंत कितीही असूं शकतें. गेल्या दिवाळींत तो मुलुंडला आमच्याकडे आला, तेव्हां या दोन इंधनांचें गुणवर्णन ऐकण्यांत आमची एक रात्र गेली.

"मामा, पेट्रोल श्रीमंत पण तापट, इथेनॉल गरीब पण सोशिक," असें तो म्हणाला. त्याचा अर्थ असा. एक लिटर पेट्रोलांत सुमारें ३२ मेगाजूल उष्णता असते, इथेनॉलांत सुमारें २१. एक किलो पेट्रोल पुरतें जाळण्यास १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला अवघी ९ किलो. म्हणजे तेवढ्याच हवेबरोबर इथेनॉल दीडपटीहून अधिक ओतावें लागतें. पण तें वाफ होतांना हवेला थंड करतें, आणि दाबाखालीं अवेळीं पेट घेत नाहीं. त्यामुळें एंजिनांत अधिक हवा कोंबतां येते, ठिणगी लवकर पाडतां येते, आणि अंगीं उष्णता कमी असूनही तें इंधन अधिक जोर देतें.

मात्र एका इंधनावरून दुसऱ्यावर जाणें हा त्याच्या घरीं एक विधीच असतो. तो टाकी जवळजवळ रिकामी होऊं देतो, नवें इंधन भरतो, आणि नळींतलें जुनें संपेपर्यंत एंजिनावर जोर टाकीत नाहीं. नळींत बसविलेलें एक लहानसें उपकरण इथेनॉलचें प्रमाण मोजून मोटारीच्या संगणकाला कळवितें. मग संगणक पेट्रोलचा तक्ता आणि इथेनॉलचा तक्ता यांच्यामध्यें योग्य तेथें उभा राहतो. हा निरोप पोंचला नाहीं तर अनर्थ ओढवतो. इथेनॉलच्या तक्त्यावर पेट्रोल जाळलें तर ठिणगी फार लवकर पडून ठोके बसतात, आणि पिस्टन फुटण्यापर्यंत मजल जाते. उलट केलें तर एंजिन अर्धपोटीं राहतें.

हें ऐकतांना मला इमारतीखालीं उभ्या असलेल्या माझ्या पंधरा वर्षांच्या मोटारीची आठवण होत होती. तिनेंही इंधन बदललेंच आहे. फक्त तें विधिपूर्वक नव्हे. इथेनॉल आपल्याला परकें नाहीं. पेट्रोलांत मद्यार्क मिसळण्याचा कायदा या देशांत १९४८ सालींच झाला होता. २००१ मध्यें मिश्रणाचे प्रयोग झाले, त्यांत मिरज आणि मनमाड हीं आपलीं दोन गांवें होतीं. २००३ मध्यें कांहीं राज्यांत शेंकडा ५, २०२२ मध्यें १० आणि २०२५ मध्यें २० असा हा चढता क्रम आहे. ऊस आपला, मळी आपली, आणि परदेशीं तेलाला जाणारा पैसा वांचतो. याविषयीं माझी तक्रार नाहीं.

पण आमच्या घरीं पेट्रोलचा हिशेब मंडळी ठेवतात. "गाडी म्हातारी झाली कीं पेट्रोल पातळ झालें?" असें त्यांनीं एक दिवस वही पुढें करून विचारलें. मेकॅनिकनें इथेनॉलला दोष दिला, भाच्यानें गाडीच्या वयाला. दोघांचेंही खरें असूं शकेल. जुनी गाडी धुरांतला प्राणवायु मोजून थोडेंफार सांवरून घेते, पण उष्णतेची तूट तिला भरून काढतां येत नाहीं. मूळ शुद्ध पेट्रोलसाठीं घडविलेल्या आणि १० टक्क्यांसाठीं जुळविलेल्या चारचाकींचें अ‍ॅव्हरेज २० टक्के मिश्रणावर शेंकडा ६ ते ७ नें उतरेल, असा अंदाज नीति आयोगाच्या २०२१ च्या अहवालांत आहे. लिटरला १५ किलोमीटर चालणारी गाडी १४ वर येते. हा आंकडा मला अहवालांत सांपडला. जेथें पैसे मोजले त्या पंपावर नव्हे.

ब्राझीलांत दोन्ही इंधनांवर चालणाऱ्या मोटारी २००३ पासून विकल्या जातात. तेथला गृहस्थ पंपावर दोन्ही भाव पाहतो, आणि इथेनॉलचा भाव पेट्रोलच्या शेंकडा ७० हून कमी असला तरच तें घेतो. दरिद्री इंधनाला दरिद्री भाव, असा तो साधा व्यवहार आहे.

शेतकऱ्यासाठीं आणि देशासाठीं लिटरामागें एक किलोमीटर सोडावयास आमच्यासारखीं माणसें तयार होतील. परंतु देणगी आणि गळती यांत फरक आहे. देणगी देणाराला ठाऊक असते. भाच्याच्या मोटारीला जो निरोप तिच्या नळींतच मिळतो, तो आम्हांला निदान पावतीवर मिळावा, एवढेंच मागणें आहे. मग वहीच्या त्या रकान्यांत काय लिहावयाचें तें मंडळी ठरवितील.