शवपेट्यांची गोधडी

हॅलोविनच्या गोधड्यांवर शवपेट्या शिवल्या जातात त्या गमतीखातर. अमेरिकेत केंटकी राज्यातील एलिझाबेथ रोझबेरी मिचेल यांनी १८४३ मध्ये शिवलेल्या गोधडीवरील शवपेट्या मात्र घरच्याच माणसांच्या आहेत. त्यांचे दोन मुलगे ओहायोत पुरलेले. कुटुंब स्थलांतरित झाले आणि कबरी मागे राहिल्या. गोधडीच्या मध्यभागी त्यांनी कुंपण घातलेली दफनभूमी शिवली, कडेला आप्तांच्या नावांच्या शवपेट्या. कोणी निवर्तले की त्याची पेटी उसवून आत टाचायची. सरकारी दप्तरांत आईच्या दुःखाला रकाना नसतो. येथे ते टाक्याटाक्याने नोंदले गेले. केंटकी हिस्टॉरिकल सोसायटीने जपलेल्या या गोधडीवर अनेक पेट्या आजही कडेलाच आहेत.