स्कूबाला जाताय? आधी नाक बघा, मग समुद्र

मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर माझ्याकडे एक तक्रार हमखास येते: "डॉक्टर, मालवणहून आल्यापासून कानाला दडा बसलाय." विचारलं की कळतं, स्कूबा केलं होतं आणि त्या दिवशी थोडी सर्दीही होती. पण पैसे भरलेले, मग उतरले.

पाण्यात 10 मीटर खाली गेलात की शरीरावरचा दाब दुप्पट होतो. कानाच्या पडद्यामागची हवा आकसते आणि पडदा आत ओढला जातो. नाक चिमटीत धरून हलकेच हवा ढकलली की घशातून मध्यकर्णाकडे जाणारी नळी उघडते आणि दाब सारखा होतो. हे पहिल्या मीटरपासून करायचं, दुखायला लागण्याची वाट बघायची नाही. जोर तर अजिबात लावायचा नाही. सर्दीत ही नळीच सुजलेली असते. नाक मोकळं करणारी गोळी घेऊन उतरणं हा त्यावर उपाय नव्हे. पाण्याखालीच तिचा असर ओसरला तर वर येताना हवा आत अडकते. सर्दी असेल तर किनाऱ्यावर बसून मासे खा.

तुम्ही म्हणाल, यात समुद्राचं काय? कान ठणकला की माणूस घाबरतो, पाय झाडतो आणि हाताला लागेल ते धरतो. मालवणात मी स्वतः उतरलो आहे. तिथे हाताला लागतं ते बहुधा प्रवाळ. दिसतो दगडासारखा, पण ती बारीक जिवांची वसाहत असते. काही जाती वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतात. म्हणजे तुमच्या मुठीत तुटलेला तुकडा तुमच्या वयाचाही असू शकतो. पायातल्या फिन्सनी उडालेली वाळूही त्याच्यावर बसून त्याला गुदमरवते. मालवणचा हा समुद्र 1987 पासून अभयारण्य आहे, हे तिथे जाणाऱ्या बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

श्वास कधीही रोखू नका, वर येताना तर मुळीच नाही. फुप्फुसातली हवा फुगते आणि फुप्फुस फाटू शकतं. संथ, लांब श्वास घेणारा माणूस पाण्यात स्थिर राहतो आणि त्याचे पाय प्रवाळापासून दूर राहतात. दमा, फिट्स, हृदयविकार, कानाचं ऑपरेशन किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. फॉर्मवर सगळीकडे "नाही" अशी खूण करून मोकळं होणं मला फार खटकतं.

सनस्क्रीनबद्दलही विचारतात. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेल्या क्रीमच्या विक्रीवर हवाईमध्ये 2021 पासून बंदी आहे. मी सांगतो, पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट घाला, क्रीम कमी लागेल. आणि माशांना बिस्किटं घालू नका, फोटो कितीही छान येवोत.

एक खूण शिकून घ्या. पाण्याखाली अंगठा वर केला तर त्याचा अर्थ "मस्त" असा नसून "मला वर न्या" असा होतो. कान दुखत असेल तर पंजा आडवा हलवा आणि कानाकडे बोट दाखवा.

परतीचंही बघा. पर्यटकांचं एकच उथळ, थोडक्यातलं डाइव्ह असेल तर धोका कमी. तरी विमानाआधी किमान 12 तास जाऊ द्या. दोन-तीन डाइव्ह केली असतील तर 18 तास. आंबोली घाट सुमारे 700 मीटर उंच आहे, तोही त्याच दुपारी चढू नका. नंतर सांधे दुखले, मुंग्या आल्या, चक्कर आली किंवा छातीत दुखलं तर लगेच रुग्णालय गाठा आणि तिथल्या डॉक्टरांना पहिल्यांदा हेच सांगा की तुम्ही डाइव्ह केलं होतं.