ताजमहाल हॉटेलांतील दोन रात्री

मुंबईस जाणें म्हणजे गिरगांवांत जाणें, हें समीकरण आमच्या घराण्यांत कित्येक वर्षें अबाधित होतें. थोरले बंधु तेथें एका चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर राहात. खोल्या दोन; त्यांपैकीं एक स्वयंपाकाची. परीक्षेला आलेला भाचा, डॉक्टरांस दाखवावयास आणलेली आत्या, नोकरीच्या शोधांत निघालेला गांवचा कोणी, सर्वांची पथारी त्याच दोन खोल्यांत व पुढील गॅलरींत पडे. पुढें बंधु गेले, वहिनीहि त्यांच्या मागोमाग गेल्या, आणि गेल्या वर्षीं ती चाळ पुनर्बांधणीसाठीं रिकामी झाली. भाडेपावती वडिलांच्या नांवची असल्यामुळें कागदपत्रांवर माझीहि सही हवी होती. पुतण्या परदेशांतून तेवढ्यासाठीं आला होता. "काका, उतरण्याची सोय मीं केली आहे, काकूंनाहि आणा," इतकेंच त्यानें दूरध्वनीवर सांगितलें. टॅक्सी अपोलो बंदरावर येऊन थांबली, तेव्हां ती सोय कोणती हें आम्हांस कळलें.

दाराशीं सामान तपासण्याचें यंत्र आहे. त्यांतून आमची वळकटीसारखी पिशवी गेली आणि पाठोपाठ सौ.चा डबाहि गेला. डब्यांत दशम्या, लसणाची चटणी व बेसनाचे लाडू होते. "मुंबईत कोणाकडे रिकाम्या हातानें कसें जायचें?" हा तिचा प्रश्न, 'कोणाकडे' या शब्दाचें उत्तर मजपाशीं नव्हतें. पायरीजवळ एक भटका कुत्रा निवांत झोंपला होता. श्रीमंत पाहुणे त्याला वळसा घालून जात होते, पण त्याला कोणी हाकलीत नव्हतें. २०२४ सालीं दिवंगत झालेल्या रतन टाटा यांनीं तशी ताकीदच दिलेली होती, असें मागाहून कळलें.

या इमारतीचा इतिहास आमच्या लोकांस असावा तितका ठाऊक नाहीं. जमशेटजी टाटांचें हें हॉटेल १६ डिसेंबर १९०३ रोजीं उघडलें. समोरचें 'गेटवे ऑफ इंडिया' तेव्हां नव्हतेंच. तें १९२४ सालीं खुलें झालें. म्हणजे एकवीस वर्षें बोटीनें येणाऱ्यांचें स्वागत हा घुमटच करीत होता. पहिल्या महायुद्धांत येथें जखमी सैनिकांचें रुग्णालय होतें. शेजारचा उंच मनोरा मात्र अगदीं अलीकडचा, १९७३ चा. त्याविषयीं मला विशेष प्रेम वाटलें नाहीं.

मूळ आराखडा सीताराम खंडेराव वैद्य व डी. एन. मिर्झा यांचा. वैद्य हे काम पुरें होण्यापूर्वींच निवर्तले, आणि डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज स्थापत्यकारानें तें तडीस नेलें. एका आख्यायिकेचा मला राग आहे. इमारत चुकून उलटी बांधली गेली, समुद्राकडे तोंड करण्याऐवजीं पाठ केली, आणि तें पाहून स्थापत्यकारानें जीव दिला, असें टॅक्सीवाल्यानेंहि आम्हांस सांगितलें. वस्तुतः घोड्यांच्या गाड्या शहराकडून येत, म्हणून मूळ दार पश्चिमेला ठेवलें होतें. आज त्या बाजूस पोहण्याचा तलाव आहे. त्यांत चूक कसली आणि प्राणत्याग कसला? आपल्याच एका कर्तबगार माणसाची आठवण आपण अशा गोष्टीनें ठेवावी, याचें वाईट वाटतें. घुमटाखालच्या जिन्याच्या पायऱ्यांना मधून कोठेंहि खांबाचा आधार नाहीं. तो जिना मीं तीनदां चढलों. लिफ्टवरील मुलाला तें चमत्कारिक वाटलें असावें.

'अतिथि' शब्दाची व्युत्पत्ति मीं वर्गांत शेंकडों वेळां सांगितली असेल: ज्याच्या येण्याची तिथि ठरलेली नाहीं तो. त्या व्याख्येनें पाहातां येथें एकहि अतिथि नव्हता. प्रत्येकाच्या येण्याचीच काय, जाण्याचीहि वेळ नोंदलेली, आणि मोबदला आगाऊ ठरलेला. मग ही आदब, हें हात जोडणें, नांव लक्षांत ठेवणें, याला काय म्हणावें? पहिल्या दिवशीं मीं त्याला उत्तम प्रतीचा धंदा म्हटलें व स्वस्थ झोंपलों.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं तळमजल्यावर २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यांतील मृतांचा स्मृतिफलक पाहिला. एकतीस नांवें आहेत. त्यांत पाहुणे आहेत तसे सेवकहि आहेत. पाहुण्यांना मागच्या वाटेनें बाहेर काढतांना स्वयंपाकघरांतील कित्येक जण मारले गेले. त्यांना त्या वाटा ठाऊक होत्या. आधीं निघून जाणें त्यांना अशक्य नव्हतें. पगारांत हें बसत नाहीं. आदल्या रात्रीचा माझा शब्द मीं मागें घेतला. त्याऐवजीं कोणता घालावा तें मात्र सुचेना.

सह्या दुपारीं झाल्या. त्याविषयीं लिहिण्यासारखें कांहीं नाहीं; अर्ध्या तासांत घर संपलें.

सायंकाळीं पुतण्यानें आम्हांस पहिल्या मजल्यावर 'सी लाउंज'मध्यें चहाला नेलें. खिडकीखालीं गेटवे, पलीकडे घारापुरीहून परतणाऱ्या होड्या. मीं सहज म्हटलें, "अरे, एवढा खर्च कशाला? दादाच्या घरीं आम्ही जमिनीवरसुद्धां सुखानें झोंपत होतों."

तो हंसला. म्हणाला, "काका, तुम्ही झोंपत होतां. आम्ही गॅलरींत असायचों. दहावीच्या परीक्षेंत मी कठड्याला टेकून, जिन्यावरच्या दिव्याखालीं अभ्यास केला. बाबा कोणाला नाहीं म्हणत नसत आणि आई दुसऱ्यांदां कणीक भिजवायची. आपल्याकडे आलेल्या माणसाला एकदां तरी नीट पलंग द्यावा, असें आईच्या फार मनांत होतें."

त्याच्या बोलण्यांत तक्रार नव्हती, म्हणूनच तें अधिक लागलें. त्याच्या दहावीच्या वर्षीं मी शिक्षकांच्या एका प्रशिक्षणवर्गासाठीं अठरा दिवस त्या घरीं राहिलों होतों. मुलांना वाचनासाठीं उजेड व एकांत द्यावा, असें पालकांस बजावणारा मी मास्तर! आंत पंख्याखालीं, वहिनींच्या गादीवर मी झोंपलेला असे, आणि मुलगा कोठें बसतो हें एकदांहि उठून पाहिलें नाहीं. मीं त्याला तसें सांगितलें. "चहा निवतोय, काका," एवढेंच तो म्हणाला. सौ.नें पिशवींतून डबा काढला आणि त्या चांदीच्या किटलीशेजारीं त्याच्यापुढें बेसनाचा लाडू ठेवला. वाढप्यानें तें पाहिलें, एक रिकामी बशी आणून दिली आणि तो बाजूला झाला.

निघण्याच्या दिवशीं मी स्नान करून आलों तों सौ. पलंगाशीं वांकलेली. चादर काढून तिची चौघडी केली होती, उशा एकावर एक रचल्या होत्या. गिरगांवांत निघतांना ती नेहमीं करी तसें. इतक्यांत खोली आवरणारी मुलगी आली. बोलण्यावरून सिंधुदुर्गाकडची वाटली. "आजी, राहूं द्या, तें आमचें काम," ती म्हणाली.

"असूं दे ग," सौ. म्हणाली, "तूं ते दुसरें टोक धर."

दोघींनीं मिळून पलंगपोसाची घडी घातली.