बिस्किटांच्या गावातला तुरुंग

लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनातून निघालेली जलद गाडी अर्ध्या तासात रेडिंगला पोचते. फॉर्बरी बागेत शिरलं की समोर येतो एक अवाढव्य लोखंडी सिंह. १८८० साली अफगाणिस्तानात मैवंदच्या लढाईत पडलेल्या बर्कशायरच्या शिपायांचं हे स्मारक. त्या लढाईत मुंबई लष्कराच्या देशी पलटणीही होत्या, म्हणून मी तिथे जरा रेंगाळले. बागेपलीकडे पहिल्या हेन्री राजाने ११२१ मध्ये स्थापलेल्या मठाचे अवशेष, आणि त्यांना खेटून लाल विटांचा तुरुंग. मी आले होते तो पाहायला.

१४ फेब्रुवारी १८९५ रोजी नाटककार ऑस्कर वाइल्डचं ‘द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट’ हे नाटक लंडनच्या रंगभूमीवर आलं आणि प्रेक्षक हसून लोटपोट झाले. मे महिन्यात, पुरुषांशी असलेल्या संबंधांवरून, त्याला दोन वर्षं सक्तमजुरीची शिक्षा झाली. नोव्हेंबरात त्याला इथे आणलं. कोठडी सी.३.३.

१८४४ मध्ये बांधलेला हा तुरुंग एकांताच्या तत्त्वावर उभा होता. एका कोठडीत एक माणूस, आणि कैद्याने कैद्याशी बोलायचं नाही. वाइल्डची बुद्धी तर मैफलीत फुलायची. समोरच्याचं वाक्य झेलून ते उलटं करून परत द्यायचं, ही त्याची कला. ती ऐकणारं माणूसच इथे उरलं नाही. नवा अधिकारी मेजर नेल्सन आला, त्याने लिहायची मुभा दिली, तेव्हा १८९७ च्या सुरुवातीला वाइल्डने मित्र डग्लसला लांबलचक पत्र लिहिलं. ते पुढे ‘डी प्रोफंडिस’ म्हणून प्रसिद्ध झालं.

पण मला त्याहून मोलाचं वाटतं दुसरंच एक पत्र. त्याचा धागा बिस्किटांशी जोडलेला. तुरुंगाशेजारीच हंटली अँड पामर्सचा बिस्किटांचा प्रचंड कारखाना होता. रेडिंगची ख्यातीच बिस्किटांवर. सुटकेच्या तोंडावर वाइल्डला तुरुंगात तीन लहान मुलं दिसली. सशांसाठी फास लावल्याबद्दल झालेला दंड भरता आला नाही, म्हणून ती आत. त्यातल्या सर्वांत धाकट्या, भुकेल्या पोराला मार्टिन नावाच्या वॉर्डरने गोड बिस्किटं दिली आणि त्यापायी त्याची नोकरी गेली. १९ मे १८९७ ला वाइल्ड सुटला आणि फ्रान्सला गेला. नाव गेलेलं, घर मोडलेलं. तरी महिना संपायच्या आत ‘डेली क्रॉनिकल’मध्ये त्याचं पत्र छापून आलं : मार्टिनची बाजू घेणारं, आणि कोठडीतल्या मुलाला वाटणारी भीती व भूक सविस्तर सांगणारं. त्यात कोटी नाही, चमकदार उलटापालट नाही. ज्याच्या शब्दांवर उभं लंडन हसलं, त्याने ते शब्द एका वॉर्डरसाठी खर्ची घातले.

२०१३ मध्ये तुरुंग बंद झाला. २०२१ मध्ये भित्तिचित्रकार बँक्सीने बाहेरच्या भिंतीवर, टाइपरायटरला बांधलेल्या दोराने निसटणारा कैदी रंगवला. बरेच जण तेवढा फोटो काढून परततात. केनेट नदीच्या काठाने तुरुंगाला वळसा घालून चालावं, आणि येण्याआधी ‘डेली क्रॉनिकल’मधलं ते पत्र जरूर वाचावं.