आठ स्वर, अठ्ठावीस वेळा

तेच तेच आठ स्वर लागोपाठ २८ वेळा वाजवायला कुणी सांगितले, तर तुम्ही काय कराल? पहिल्या दिवशी वाजवाल. दुसऱ्या दिवशी तोंड वाकडे करून वाजवाल. तिसऱ्या दिवशी पोटात दुखू लागेल! आमच्या इमारतीतल्या एका आठवीतल्या मुलाच्या पोटात असेच दुखू लागले. आणि त्याला कारण होतो मी.

आम्ही राहतो भाईंदर पूर्वेला, जेसल पार्कात. समोर वसईची खाडी. खाडीवरच्या पुलावरून विरारची लोकल धडधडत गेली की आमच्या घरातल्या बोलण्यात आपोआप स्वल्पविराम पडतो. मी हौशी व्हायोलिनवाला. संध्याकाळी इमारतीतली चार मुले माझ्याकडे जमत. दहावीतली ताई आणि सातवीतली तिची बहीण, दोघी व्हायोलिनवाल्या. तिसरा व्हायोलिनवाला चौथीतला, त्याचे व्हायोलिन अजून लहान मापाचे. आणि चौथा आमचा चेलोवाला. चेलो म्हणजे व्हायोलिनच्या घराण्यातले आजोबाच. जमिनीवर टेकवून, गुडघ्यांत धरून वाजवायचे. आवाज खोल, घुमणारा. त्याच्या आईने जुना, पाऊण मापाचा चेलो हप्त्यांनी घेऊन दिला होता. दर रविवारी तो चेलो पाठीला लावून लोकलने अंधेरीला शिकायला जायचा. लगेजच्या डब्यातले मासेवाले आणि दूधवालेसुद्धा त्याला ओळखू लागले होते.

आता २६ जानेवारीला सोसायटीच्या झेंडावंदनानंतर चौघांनी मिळून काहीतरी वाजवायचे ठरले. काय वाजवायचे ते मी निवडायचे. मला वाटले, त्यात काय मोठेसे!

चार तंतुवाद्यांच्या संचाला ‘स्ट्रिंग क्वार्टेट’ म्हणतात. त्यात दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो असतो. व्हायोला हे व्हायोलिनचे जरा थोराड भावंड. आमच्याकडे नेमका तोच नव्हता. व्हायोलाचे नोटेशन व्हायोलिनवाल्याच्या हातात देऊनही भागत नाही. कारण एक तर त्याची ओळ वाचण्याची खूण वेगळी आणि दुसरे म्हणजे त्यातले काही खालचे स्वर व्हायोलिनवर नसतातच. मुलांसाठी काढलेल्या काही संचांमध्ये व्हायोलाऐवजी वाजवायला ‘तिसरे व्हायोलिन’ असा जादा कागद देतात, तो असला तर ठीक.

मग मला एकदम सुचले, पाखेलबेलचा ‘कॅनन’! योहान पाखेलबेल हा जर्मन संगीतकार १६५३ ते १७०६ या काळातला. त्याची ही रचना मुळातच तीन व्हायोलिन आणि खालच्या पट्टीतले एक वाद्य यांच्यासाठी आहे. म्हणजे अगदी आमच्यासाठीच लिहिल्यासारखी. मी खूश!

कॅननमध्ये पहिले व्हायोलिन एक सूर धरते. थोड्या वेळाने दुसरे व्हायोलिन तोच सूर पहिल्यापासून सुरू करते, मग तिसरे. आगगाडीच्या डब्यांसारखे एकामागोमाग एक. आणि चेलो? चेलो खाली आठ स्वर वाजवतो. तेच आठ. पुन्हा तेच आठ. असे २८ वेळा.

चौथ्या तालमीला चेलोवाला म्हणाला, “काका, आठ गुणिले अठ्ठावीस म्हणजे दोनशे चोवीस. मी मोजले. माझे एकदाच आठ स्वर मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि अठ्ठावीस वेळा लावा ना.”

सगळे हसले. मीही हसलो. “अरे, पाया असतो तो, पाया! पायाशिवाय इमारत उभी राहील का?” असे मोठ्या माणसांचे ठेवणीतले उत्तर देऊन मी मोकळा झालो.

इकडे चौथीतल्या पठ्ठ्याचे वेगळेच रडगाणे. कॅननमध्ये तिन्ही व्हायोलिनना तेच वाजवायचे असते, त्यामुळे दहावीतली ताई जे भराभर स्वर वाजवते, तेच त्यालाही वाजवावे लागत. सुरुवातीचे संथ स्वर तो छान वाजवायचा. पुढे गाडी वेगात आली की त्याची बोटे फलाटावरच राहायची. मग तो नुसता बो फिरवायचा आणि माझ्याकडे चोरून बघायचा. मला ते दिसत होते, पण सरावाने जमेल म्हणून मी सोडून देत होतो.

पुढच्या आठवड्यात चेलोवाला आला नाही. त्याच्या पुढच्यातही नाही. मग जिन्यात त्याची आई भेटली. “भाऊ, तो क्रिकेटला जातोय. चेलो विकून टाक म्हणतो. अजून दोन हप्ते राहिलेत हो.”

त्या रात्री मी कॅननचे चारही कागद पुढ्यात घेऊन बसलो. मी रचना पाहिली होती, तिचे नाव पाहिले होते, ती किती वाद्यांसाठी आहे तेही पाहिले होते. पण तिसऱ्या आणि चौथ्या कागदामागे कोण बसणार आहे, ते काही पाहिले नव्हते.

हायडनची गोष्ट मला तेव्हा आठवली. योझेफ हायडन म्हणजे स्ट्रिंग क्वार्टेटचा जनकच मानतात. त्याने ६८ क्वार्टेट लिहिले. पण सुरुवात कशी झाली? १७५० नंतरच्या काही वर्षांत ऑस्ट्रियातल्या फ्युर्नबर्ग नावाच्या सरदाराच्या वाड्यावर चारच वाजवणारे होते. गावचा पाद्री, वाड्याचा कारभारी, चेलो वाजवणारा एक गृहस्थ आणि तरुण हायडन स्वतः. सरदार म्हणाला, या चौघांना वाजवता येईल असे काहीतरी लिही. म्हणजे आधी माणसे आली, मग संगीत! मी बरोबर उलटे केले होते.

रविवारी मी लोकल पकडली आणि मरीन लाइन्सला उतरून धोबी तलाव गाठला. तिथले फुर्टाडोजचे दुकान १८६५ सालापासूनचे. हा सगळा भागच वाजवणाऱ्यांचा. गोव्यात पोर्तुगीज अमलात चर्चच्या शाळांमधून मुलांना नोटेशन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. ती मुले मोठी होऊन मुंबईला आली, इथल्या गोवेकरी क्लबांत उतरली आणि हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत बसली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांच्यातलेच. प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले आणि १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मध्ये त्यांचे नाव गाण्यातच आले. याच मुंबईत मेहली मेहतांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा आणि १९४० मध्ये बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट सुरू केले. झुबिन मेहता हा त्यांचाच मुलगा.

दुकानात मी या वेळी मुखपृष्ठे पाहिलीच नाहीत. तसाही मुखपृष्ठावरच्या नावाचा भरवसा नसतो! हायडनच्या नावाने छापलेले सहा क्वार्टेट, त्यातला ‘सेरेनेड’ तर फार लोकप्रिय, हे बहुधा रोमान हॉफश्टेटर नावाच्या एका साधूने लिहिले होते, असे विसाव्या शतकात संशोधकांच्या ध्यानात आले. म्हणून मी सरळ वही उघडायचो आणि सगळ्यांत खालची ओळ आधी वाचायचो. चेलोची. नोटेशनमध्ये पोकळ अंड्यासारखी खूण म्हणजे चार मात्रांचा लांब स्वर. काही वह्यांत चेलोच्या ओळीत नुसती अंडीच अंडी! ती वही बंद. मग खालून दुसरी ओळ. चौथीतल्या बोटांना झेपेल का? मग ओळीच्या सुरुवातीच्या खुणा. व्हायोलिनच्या चार तारा जी, डी, ए, ई अशा लावतात. डी मेजरसारख्या पट्टीत मोकळ्या तारा भरपूर वापरता येतात, आवाज खुलतो. तीन-तीन फ्लॅट असलेली पट्टी आली की नवशिक्याची बोटे चाचपडू लागतात. आणि हो, पान कुठे उलटते तेही पाहिले. दोन्ही हात गुंतलेले असताना पान काय नाकाने उलटायचे?

शेवटी हातात आली ती बेथोव्हेनच्या नवव्या सिंफनीतल्या ‘आनंदगीता’ची सोपी मांडणी. पट्टी डी मेजर, आणि सूर जिना चढल्या-उतरल्यासारखा, बहुतेक शेजारच्या पायरीवरच पाय. पण इथेही सूर व्हायोलिनला आणि चेलोला अंडीच!

मी वही परत ठेवणार होतो. पण १८२४ मधल्या त्या मूळ सिंफनीत हा सूर पहिल्यांदा कोण वाजवते, ठाऊक आहे? चेलो आणि त्याहून मोठे डबल बास! सगळा वाद्यवृंद गप्प असतो आणि तळातून तो सूर हळूच वर येतो. व्हायोलिनची पाळी नंतर.

बेथोव्हेनला जाऊन दोनशे वर्षे होत आली. आपल्याकडे रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क राहतो, त्यामुळे मूळ सूर आता सगळ्यांचा आहे. कुणाची नवी मांडणी मात्र झेरॉक्स करायची नसते बरं का. मी मूळ सूर घेऊन स्वतःच चार कागद लिहिले. दोन रात्री लागल्या. तिसऱ्या व्हायोलिनला सोपे पण रिकामे नसलेले काहीतरी दिले. चेलोच्या कागदावर वर लिहिले, ‘एकट्याने’.

तो कागद घेऊन मी चेलोवाल्याकडे गेलो. “अरे, माझी निवड चुकली होती,” मी म्हणालो. “हे बघ जरा.” त्याने बॅट खाली न ठेवताच कागद घेतला. पहिली ओळ मनातल्या मनात वाचली.

“बाकीचे कधी सुरू करतात?”

“तुझं झाल्यावर.”

“सगळं झाल्यावर?”

“सगळं.”

२६ जानेवारीला खाडीवरून असा वारा सुटला होता की झेंडा फडफडत होता आणि कागदही. कपड्यांचे चिमटे लावून नोटेशन स्टँडवर पक्के केले. चेलो सुरू झाला आणि नेमकी त्याच वेळी पुलावरून लोकल गेली. पण तो थांबला नाही. गाडीचा आवाज विरला तेव्हा खालून सूर चालूच होता. चौथीतला व्हायोलिन हनुवटीखाली धरून, बो वर उचलून आपल्या पाळीची वाट बघत होता. या वेळी माझ्याकडे न बघता.

आता दहावीची परीक्षा संपल्यावर ताई व्हायोला शिकते म्हणते आहे. म्हणजे मला पुन्हा धोबी तलाव गाठायला हवा. जाताना धाकट्याने बजावून ठेवले आहे, “काका, या वेळी आधी माझी ओळ बघा हं!”