एकट्यापुरतं छप्पर

एकट्याने ट्रेक करायचा म्हणजे तंबूही एकट्यानेच वाहायचा. म्हणून वजनाचे आकडे बघून भुललो आणि ९०० ग्रॅमचा, ट्रेकिंग पोलवर उभा राहणारा तंबू घेतला.

२०१९ च्या डिसेंबरात हरिश्चंद्रगडावर, कोकणकड्याजवळ अक्कल आली. खाली नुसता कातळ, खुंट्या शिरेनात! दोऱ्या दगडांना बांधल्या, त्या वाऱ्याने सुटत राहिल्या. पहाटे वारा पडला तर श्वासाचीच वाफ एकेरी कापडावर साचून थेंब थेंब अंगावर. रात्रभर आईला मारलेली थाप आठवत होती: "अगं, चौघं जण आहोत."

आता तंबू दुहेरी कापडाचा, स्वतःच्या दांड्यांवर उभा राहणारा. दीड किलो. सहाशे ग्रॅम जास्त वाहतो, पण आईला खरं सांगून निघतो.