कुंडलच्या माळावरचा संपादक

मलकापूरहून रेल्वे पकडायची तर कराड ओलांडून, कृष्णेच्या पुलावरून ओगलेवाडीला यावं लागतं. प्रभाकर कंदिलाचा काचकारखाना इथलाच. आगरकरांचं टेंभूही इथून जवळ. 'सुधारक' काढला म्हणून त्या माणसाला जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा पाहावी लागली. मी निघालो होतो तो तसलेच विचार पुढं महाराष्ट्राच्या गळी उतरवणाऱ्या संपादकाच्या गावी, शंकरराव किर्लोस्करांच्या वाडीला.

शेणोली, भवानीनगर, ताकारी करत पॅसेंजर उसाच्या फडांतून सांगली जिल्ह्यात शिरते. किर्लोस्करवाडी स्टेशनचं जुनं नाव कुंडल रोड. १९१० साली बेळगावातून उठावं लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी इथला माळ दिला. निवडुंग आणि साप, एवढंच काय ते पीक. तिथं नांगराचा कारखाना उभा राहिला. पण लोखंडी फाळानं जमीन विषारी होते, असं शेतकरी म्हणत. म्हणजे नांगर विकायचा तर आधी माणसाची समजूत नांगरायला हवी!

ते काम पुतण्यानं केलं. शंकररावांचा हात चित्रकाराचा, डोकं जाहिरातीचं. १९२० साली त्यांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं ते मुळात कारखान्याच्या मालाची माहिती द्यायला. हळूहळू त्यात गोष्टी आल्या, व्यंगचित्रं आली, नावातली 'खबर' गळाली. पुढं सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंधही त्यातच छापून आले. १९३० साली 'स्त्री' निघालं, १९३४ साली 'मनोहर'. पॅरिसमध्ये एलेन लाझारेफबाईंनी 'एल' काढलं १९४५ साली. कुंडलच्या माळावर बायकांचं मासिक त्याआधी पंधरा वर्षं निघत होतं, हे आपण फारसं सांगत नाही.

आगरकर वाचकाला खडसावत. शंकररावांनी त्याला गिऱ्हाईक मानलं. यात काहींना धंदेवाईकपणा दिसेल. मला तर ती मोठी हुशारी वाटते. गोष्टीच्या ओढीनं अंक उघडणाऱ्याच्या पुढ्यात पुनर्विवाह, अंधश्रद्धा असे विषय अलगद येऊन पडत.

स्टेशनबाहेरच्या चहावाल्याला विचारलं, मासिकं कुठं छापायचे हो? त्यानं बशीतला चहा संपवला नि कारखान्याच्या फाटकाकडं बोट केलं. "आजी वाचायची म्हणं. आता पंपच."

संपादकपण पुढं मुलाकडं, मुकुंदरावांकडं आलं आणि मासिकांचं बिऱ्हाड पुण्याला गेलं. शंकरराव १९७५ साली गेले. फाटकात पाळी बदलत होती. डबे घेतलेली पोरं सायकली नि मोटारसायकली काढत होती, आणि मिरजेकडच्या गाडीला अजून तासभर होता.